रिकामी साथ, मोकळी साथ : ‘कराओके’ या शब्दाविषयी



इथे येण्याआधी थोडा वेळ रामघाटावर बसून आले. आरती नुकतीच संपली होती. समोर दत्त आखाड्याच्या बाजूचे दिवे पाण्यात हलत होते. तिथून ई-रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, ‘‘माताजी, आज क्या प्रोग्राम है?’’ मी म्हटलं, ‘‘एका जपानी शब्दावर भाषण आहे.’’ उज्जैनचा मुलगा, त्याला माझं मराठी कळलं. तो हसला. आपण स्वतः एका जपानी शब्दावर बसलो आहोत, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

‘रिक्षा’ हा शब्द मूळचा ‘जिनरिकिशा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. इंग्रजांच्या तोंडी पुढचं ‘जिन’ गळलं आणि आपल्यापर्यंत उरलं ते नुसतं ‘रिक्षा’. म्हणजे माणूस आधी शब्दातून गेला. मग पायडल आलं, मोटर आली, आता बॅटरी आली, आणि गाडी ओढणारा माणूस रस्त्यावरूनही गेला. शब्दात त्याची खूण उरली नाही.

आज ज्या शब्दाविषयी बोलायचं आहे त्याची तऱ्हा वेगळी आहे. कोण निघून गेलं, याची नोंद त्या शब्दाने स्वतःच्या नावातच ठेवली आहे. तो शब्द म्हणजे ‘कराओके’.

हा विषय का घेतला, ते आधी सांगते. यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला पेटी-तबल्याची साथ न ठेवता कराओके लावावं, असं मंडळात बोलणं चाललं आहे. साथीदारांची बिदागी, तालमी, त्यांचं जाणं-येणं, हे सगळं झेपत नाही, असं कार्यकर्ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. एका बैठकीत कोणीतरी विनोदही केला की शब्दच सांगतो आहे, ‘करा, ओके!’ सगळे हसले, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र वाटलं, की ज्याच्या भरवशावर आपण निर्णय घेणार, तो शब्द एकदा उघडून तरी पाहावा.

तसा हा विनोद फक्त आपलाच नाही. चिनी भाषेत कराओके लिहिताना पहिल्या दोन अक्षरांसाठी चिनी चिन्हं वापरतात आणि पुढे सरळ इंग्रजी ‘ओ’ आणि ‘के’ ही अक्षरं लिहितात. म्हणजे ‘कालाओके’. तिथल्या पाट्यांवर हा ‘ओके’ दिव्यांत झळकतो. इंग्रजांनी त्याचं ‘कॅरिओकी’ केलं. जपानी उच्चार मात्र चार सारख्या ठोक्यांचा आहे : क-रा-ओ-के. देवनागरीत तो जसाच्या तसा लिहिता येतो. आपण ‘कॅरिओकी’ म्हणण्याचं काहीच कारण नाही.

आता शब्दाची फोड. ‘ओके’ म्हणजे ‘ओकेसुतोरा’, इंग्रजी ‘ऑर्केस्ट्रा’चं जपानी रूप. जपानी माणसाला परका शब्द लांब वाटला की तो त्याची शेपटी कापतो. टेलिव्हिजनचं ‘तेरेबी’, रिमोट कंट्रोलचं ‘रिमोकोन’, पर्सनल कॉम्प्युटरचं ‘पासोकोन’. तसं ऑर्केस्ट्राचं ‘ओके’. ‘करा’ हा अस्सल जपानी शब्द, अर्थ रिकामा. अर्धा शब्द घरचा, अर्धा परका. आपल्या ‘पावरोटी’त पोर्तुगीज ‘पाव’ आणि देशी ‘रोटी’ शेजारी बसलेत, तसंच हे.

पण ‘ऑर्केस्ट्रा’ हा तरी इंग्रजीचा कुठे? तो ग्रीक. ग्रीक नाट्यगृहात रंगमंचासमोर जी गोल जागा असे, जिथे समूहगायक नाचत आणि गात, त्या जागेचं नाव ‘ऑर्खेस्त्रा’. नाचण्याची जागा. पुढे युरोपच्या नाट्यगृहांत त्या ठिकाणी वादक बसू लागले आणि जागेचं नाव माणसांना मिळालं. आपल्याकडे तो शब्द आणखी एक पाऊल पुढे सरकला. मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा रंगमंचावरचा कार्यक्रम. पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या ऑर्केस्ट्रांना गावोगावी तिकिटं काढून गर्दी होत असे, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

तर ‘कराओके’ म्हणजे रिकामा ऑर्केस्ट्रा. आणि इथेच एक कोडं आहे. कराओकेच्या ध्वनिफितीत ऑर्केस्ट्रा तर भरलेला असतो! व्हायोलिनं आहेत, ढोलक आहे, बासरी आहे. नाही तो फक्त गाणारा. मग रिकामं काय? रिकामा गळा म्हणायला हवं होतं.

याच वस्तूचं दुसरं एक नाव पाहा. अमेरिकेत १९५० मध्ये ‘म्युझिक मायनस वन’ या नावाने रियाजाच्या तबकड्या निघू लागल्या. सगळे वादक वाजवत आहेत, एक जण वजा, ती जागा तुम्ही भरायची. फिलिपिन्समध्ये अशा फितींना ‘मायनस वन’ म्हणू लागले, आणि आपल्याकडचे गायकही ‘मायनस ट्रॅक’ म्हणतात. हे नाव कोण कमी आहे ते मोजतं, आणि कमी असतो तो गाणारा.

जपानी नाव उलट्या बाजूने बघतं. हा शब्द यंत्राच्या आधीचा आहे. जपानच्या नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि रेकॉर्डच्या धंद्यातली ती आतली बोली होती. एखाद्या गायकाला दौऱ्यावर किंवा कार्यक्रमात पूर्ण वाद्यवृंद नेणं शक्य नसे, तेव्हा आधी ध्वनिमुद्रित केलेली साथ फितीवरून वाजवत. गायक समोर उभा असे, सूर ऐकू येत, पण वादकांच्या खुर्च्या मोकळ्या असत. आजचा कार्यक्रम ‘कराओके’ आहे, म्हणजे वादक आलेले नाहीत. हे नाव रंगमंचावरून बघणाऱ्या माणसाने ठेवलं आहे. गाणारा तर इथेच आहे. वाजवणारे कुठे गेले?

या शब्दाचा प्रामाणिकपणा मला आवडतो तो इथे.

आता यंत्राकडे येऊ. ते कोणी शोधलं याची उत्तरं एकाहून अधिक आहेत. तोक्योचे शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्ये ‘स्पार्को बॉक्स’ नावाची पेटी तयार केली. फीत वाजवायची, मायक्रोफोन जोडायचा, नाणं टाकायचं आणि गायचं. त्यांना तिला ‘कराओके’ म्हणायचं होतं, पण विकणाऱ्यांनी नकार दिला. कारण जपानीत शवपेटीला ‘कानओके’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द कानाला फार जवळचे. गिऱ्हाइकाला गाताना शवपेटी आठवायला नको! नेगिशी २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेले.

दुसरे कोबे शहरातले दाइसुके इनोउए. त्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ते स्वतः साथीदार होते. मद्यगृहांत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाण्याला ते वाद्यावर साथ करत. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी : एका कंपनीच्या मालकाला त्यांचीच साथ जमत असे. तो सहलीला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी निघाला आणि त्याने इनोउए यांना बरोबर बोलावलं. यांना जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्या माणसाच्या गाण्याला सोसेल अशी साथ त्यांनी फितीवर भरून दिली. मालक खूष झाला. त्यातून १९७१ मध्ये ‘एट ज्यूक’ हे यंत्र निघालं. अकरा यंत्रं तयार करून त्यांनी कोबेच्या मद्यगृहांना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. पुढे २००४ मध्ये त्यांना ‘इग नोबेल’ हा विनोदी अंगाचा शांतता पुरस्कार मिळाला, तोही लोकांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवली म्हणून.

पेटंट घेतलं ते फिलिपिन्सच्या रोबेर्तो देल रोसारिओ यांनी, त्यांच्या ‘सिंग अलाँग सिस्टीम’साठी. १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकालही दिला. पण जगाने उचललं ते नाव जपानी.

इनोउए यांच्या गोष्टीत एक बारकावा आहे. पहिली फीत एका विशिष्ट माणसासाठी होती. तो कुठे रेंगाळतो, कुठली पट्टी त्याला झेपते, हे ठाऊक असलेल्या साथीदाराने ती भरली होती. आज मोबाइलवर मिळणारा ट्रॅक कोणासाठीच भरलेला नसतो, म्हणून तो सर्वांना मिळतो.

रसिकहो, आता मी तुम्हाला जपानमधून परत शिप्रेच्या काठी आणणार आहे, आणि वाट फार आडची नाही. ‘करा’ हा शब्द जपानीत ज्या चिन्हाने लिहितात, ते चिन्ह चिनी आहे. त्याच चिन्हाचं दुसरं जपानी वाचन ‘सोरा’, म्हणजे आकाश. तिसरं वाचन ‘कू’, आणि बौद्ध ग्रंथांत हा ‘कू’ म्हणजे आपला संस्कृत ‘शून्य’. बौद्ध ग्रंथ चिनीत जाताना ‘शून्यता’ या शब्दासाठी अनुवादकांनी हेच चिन्ह वापरलं. त्या थोर अनुवादकांपैकी एकाचं नाव परमार्थ. इसवी सन ४९९ चा जन्म, मृत्यू ५६९. चीनमध्ये गेला, तिथेच आयुष्य घालवलं, तिथेच वारला. तो मूळचा कुठला? उज्जयिनीचा. त्याच्या आधीच्या अनुवादकांनी हे चिन्ह ‘शून्य’साठी रूढ केलं होतं. त्याने शून्यतेवरचे ग्रंथ चिनीत नेले ते याच चिन्हाने.

इथे घाई करून कराओकेत नागार्जुनाचं शून्यवादी तत्त्वज्ञान शोधायला जाऊ नये. रिकाम्या डब्याला, रिकाम्या पाकिटालाही जपानी माणूस ‘करा’च म्हणतो. पण त्या चिन्हाला अर्थाची खोली आहे, हे जपानी माणूस जाणतो. ‘कराते’ची गोष्ट पाहा. ‘ते’ म्हणजे हात. हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. उच्चार तोच, ‘करा’. १९३० च्या दशकात ओकिनावाच्या आणि जपानच्या गुरूंनी ते चिन्ह बदलून रिकाम्याचं, शून्याचं चिन्ह घेतलं. ‘कराते’ म्हणजे रिकामा हात झाला. शस्त्र नसलेला, म्हणून तयार असलेला हात.

आकाश आणि शून्य यांना एकच शब्द, ही गोष्ट उज्जैनकरांना नवी नाही. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणून ‘खगोल’. आणि आपल्या ज्योतिषग्रंथांत संख्या शब्दांत सांगतात तेव्हा ‘ख’, ‘अंबर’, ‘आकाश’ म्हणजे शून्य. वराहमिहिराने याच नगरीत असे शब्द वापरले. आणि शून्य काय करतं? २०५ ही संख्या घ्या. मधलं शून्य काढलं तर पंचवीस उरतात. दशकाच्या घरात कोणी नाही, पण ते घर राखलेलं आहे, हे शून्य सांगतं. ती राखलेली जागा आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे, की ‘रिकामं’ दोन तऱ्हांचं असतं. मराठीला तर ते फार बारकाईने कळतं. गाव ओस पडतं, बांबू पोकळ असतो, भांडं रिकामं असतं, कागद कोरा असतो, आणि जागा मोकळी असते. रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी बसत होतं. मोकळ्या खुर्चीवर तुम्ही बसू शकता. खुर्ची एकच. गळा मात्र आपण कधी रिकामा करत नाही, मोकळा करतो.

कराओकेला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न मी स्वतःला घातला, तेव्हा मला दोन उत्तरं मिळाली, आणि दोन्ही माझ्या घराजवळची आहेत.

पहिलं उत्तर ‘रिकामी साथ’. आमच्या गल्लीत पेटी वाजवणारे एक काका होते. नोकरी दुसरीच, पेटी हौसेची; बिदागी मिळे ती नारळ आणि थोडे पैसे. लहानपणी गणेशोत्सवात मी पहिल्यांदा गायले तेव्हा त्यांनी काळी चार धरली होती, आणि मी घाबरून भलत्याच सुरात सुरुवात केली. दोन स्वरांत त्यांनी माझी पट्टी पकडली. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या अंतऱ्याला मी शब्द विसरले. काकांनी मधली ओळ पेटीवर पुन्हा वाजवली, तबलजीकडे बघितलं, त्याने ठेका चालू ठेवला. काकांनी ओठांनीच मला पहिला शब्द दिला. सम आली तेव्हा मी गाण्यात होते. त्या दिवशी माझी फजिती झाली नाही, म्हणून मी पुढे आयुष्यभर गात राहिले.

काही वर्षांपूर्वी एका घरगुती कार्यक्रमात कराओके लावलं होतं. काका थकले होते, पुढच्या रांगेत बसले होते. एक गृहस्थ गाताना अर्धं आवर्तन मागे पडले. यंत्र पुढे निघून गेलं, ते बिचारे मागून धावत राहिले. नंतर मी काकांना विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’ ते म्हणाले, ‘‘पेटीवाला तयारीचा आहे गं. फक्त ऐकत नाही.’’

‘करा’ या शब्दात जे गेलं आहे ते हेच. सूर गेले नाहीत, ताल गेला नाही. ऐकणारा साथीदार गेला. शास्त्रीय संगीतवाल्यांनीही नाक मुरडू नये. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपण कधीच घरात आणला, तेव्हा तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्याची आठवण कोणी काढली नाही.

दुसरं उत्तर ‘मोकळी साथ’. माझी नात उज्जैनची, हिंदीत शिकलेली. मराठी तिला कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आपल्या बहुतेक घरांत हेच आहे. शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज इथे आले. १८१० मध्ये दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरला नेला, तरी घरं राहिली, देव राहिले, आडनावं राहिली. बोली मात्र पिढीगणिक विरळ होत गेली. तर ही मुलगी गेल्या दिवाळीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मराठी गाण्याचा ट्रॅक लावून बसली. ओळ उजळत जात होती आणि ती वाचत, गात होती. ‘ळ’ आला की अडखळायची. तिसऱ्या वेळी अडखळली तेव्हा मला म्हणाली, ‘‘आजी, ये वाला बोल के बताओ.’’ मी बोलून दाखवलं. दहा वर्षं मी तिच्या मागे लागले होते, पण आपण होऊन तिने मराठी ओळ पहिल्यांदा वाचली ती त्या संध्याकाळी. पेटीवाले काका समोर असते तर ती गायलीच नसती, लाजली असती. यंत्राला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिचा गळा मोकळा झाला.

तेव्हा यंत्राच्या विरुद्ध बोलायला मी आलेले नाही. रामघाटावर बसले होते तेव्हा एक गोष्ट मनात येत होती. २०१४ पासून नर्मदेचं पाणी जोड प्रकल्पातून शिप्रेत आणतात. २०१६ च्या सिंहस्थात लाखोंनी स्नान केलं ते त्या पाण्याच्या आधारावर. पात्र शिप्रेचं, पाणी नर्मदेचं. कोणी त्याला खोटं म्हणत नाही. मीही अंजली भरून घेते. पण म्हणून शिप्रेचे आटलेले झरे शोधायचं काम संपलं, असंही कोणी म्हणू नये. आणलेल्या पाण्याने स्नान होतं, झऱ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. गणेशोत्सवात एक संध्याकाळ कराओकेची ठेवा. त्या दिवशी ज्यांना साथीदारासमोर गायला संकोच वाटतो त्यांना बोलवा, विशेषतः ज्या मुलांचं मराठी हिंदीत मिसळलं आहे त्यांना. पडद्यावर मराठी अक्षरं मोठी दिसू द्या. आणि दुसरी एक संध्याकाळ पेटी-तबल्याची ठेवा. पहिल्या संध्याकाळी जे पैसे वाचतील ते दुसऱ्या संध्याकाळच्या बिदागीत घाला. शहरात अजून पेटी वाजवणारी माणसं आहेत. त्यांना बोलावणं गेलं नाही तर त्यांची मुलं शिकणार नाहीत.

आणि पहिल्या संध्याकाळी रंगमंचावर पेटीच्या जागी एक रिकामी बैठक अंथरून ठेवा, अशी माझी विनंती आहे. शब्दाचा अर्थ समजावून सांगायची मग गरज पडणार नाही. काका आता नाहीत. असते तर त्या बैठकीकडे बघून त्यांनी आधी विचारलं असतं, ‘‘इथे कोण बसणार?’’ या प्रश्नाचं उत्तर आपण दुसऱ्या संध्याकाळी द्यावं.